हामूरच्या जागेवरचा बोया

रियाधला ओलायात एका उंच इमारतीच्या सतराव्या मजल्यावर बसून मी बँकेच्या शाखांचं नेटवर्क सांभाळतो. मी मूळचा मिरजेकडचा. मासा म्हणजे कृष्णेतला, तोही बाजारात टोपलीत पाहिलेला. चाळिशी उलटेपर्यंत मी गळ हातात धरला नव्हता. तो धरला खमीस मुशैतला, आणि नंतर एका सकाळी असा सोडला की अजून पुन्हा उचललेला नाही.

खमीसला मी आठ महिन्यांसाठी गेलो होतो. दक्षिणेकडच्या शाखांमधली जुनी यंत्रणा बदलायची होती. मुलीची शाळा असल्यामुळे ती आणि बायको रियाधलाच राहिल्या. खमीस डोंगरावरचं गाव, भर उन्हाळ्यातही संध्याकाळी अंगात स्वेटर लागतो. आठवडाभर काम असायचं, पण शुक्रवार उजाडला की काय करावं कळायचं नाही. दुपारपर्यंत सगळं गाव मिटलेलं, आणि मी खोलीत कपडे वाळत घालून त्यांच्याकडे बघत बसायचो.

शाखेच्या मागच्या गल्लीत एक हार्डवेअरचं दुकान होतं. वायर बसवायच्या क्लिपा घ्यायला गेलो आणि तिथे उभा राहून बायकोशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तसा गल्ल्यामागचा माणूस म्हणाला, "गावचं कुठचं तुमी?"

ते रत्नागिरीच्या खाडीकाठचे. वय पंचावन्नच्या आसपास, दाढी मेंदीने रंगवलेली, बावीस वर्षं याच गावात, त्याच दुकानात कामाला. मी त्यांना भाई म्हणायला लागलो, ते मला भाऊ. दुसऱ्या भेटीत त्यांनी चहा पाजला आणि तिसऱ्या भेटीत विचारलं, "शुक्रवारी गरवायला येताव काय?"

गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं, हे मला त्यांनीच सांगितलं.

खमीसहून पश्चिमेला निघालं की अब्हाच्या पुढे घाट लागतो. वर धुकं असतं आणि कठड्यावर माकडांच्या झुंडी बसलेल्या असतात. बोगद्यांमागून बोगदे ओलांडत खाली उतरलं की गाडीची काच बाहेरून घामेजते. खाली तांबडा समुद्र. त्या किनाऱ्यावर हवा हलतच नाही. पाण्यात हात घातला तर आंघोळीसाठी विसण घातल्यासारखं लागतं. जीझानच्या उत्तरेला, जिथे आम्ही जायचो, ते बंदर म्हणजे सिमेंटचा एक धक्का, पंचवीस-तीस होड्या आणि सीमारक्षकांची चौकी. चौकीत इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, दाखवायचा, होडीत किती माणसं, कुठवर जाणार, कधी परतणार ते नोंदवायचं, मग चिठ्ठी मिळायची. चिठ्ठीवर लिहिलेल्या हद्दीपलीकडे जायचं नाही आणि सूर्य मावळायच्या आत धक्क्याला लागायचं.

होडी एका सौदी म्हाताऱ्याची होती. सत्तरी गाठलेला, काटक, दात थोडेच उरलेले. भाई त्याला "या अम्मी" अशी हाक मारायचे. म्हाताऱ्या बाप्याला अम्मी काय म्हणतात, म्हणून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. अरबीत त्याचा अर्थ काका, हे कळल्यावर मीही तसंच म्हणू लागलो. अम्मीला दुकानांतून आणि होड्यांवर ऐकून ऐकून मोडकंतोडकं हिंदी यायचं. मला मोडकंतोडकं अरबी. भाई दोन्हीकडचं सांभाळून घ्यायचे.

आम्ही हामूर धरायला जायचो. कोकणात ज्याला गोबरा म्हणतात त्याच कुळातला हा मासा. जाड ओठांचा, अंगावर तपकिरी ठिपके, नेहमी काहीतरी बिनसल्यासारखा चेहरा. तो खडकाच्या बिळाच्या तोंडाशी बसून असतो. भाईंनी शिकवलं, "गिळलान की पयल्या दोन हातांतच खेचायचा. बिळात शिरला तर आपला नाय." माझे पहिले तीन शुक्रवार नुसती दोरी तोडण्यात गेले. चौथ्या शुक्रवारी दोन किलोचा एक वर आला आणि मी लहान मुलासारखा ओरडलो. त्या दिवसापासून आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मला नुसते अडथळे वाटू लागले.

समुद्रावर काही गोष्टी होत्या ज्यांच्याबद्दल आम्ही बोलत नसू. एक म्हणजे क्षितिज. भाई सांगायचे की पूर्वी इथून लांबवर मोठ्या बोटींची रांग दिसायची, एकामागून एक. आता सकाळ-सकाळ बसलं तरी एखादीच दिसायची, कधी तीही नाही. अम्मीला ते बरंच वाटायचं. बोटी कमी तर मासा जास्त, असं तो म्हणायचा. दुसरी गोष्ट म्हणजे दक्षिणेकडून कधीकधी येणारा आवाज. आवाज म्हणण्यापेक्षा घुमणं. छातीत आधी कळायचं आणि कानाला नंतर. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा अम्मी म्हणाला की डोंगरात दगड फोडतात. भाईंनी मान डोलावली. मीही डोलावली. दक्षिणेला, होडीने दिवसभर गेलं तर पोहोचू इतक्या अंतरावर, दुसरा देश होता आणि तिथे वर्षानुवर्षं लढाई चाललीय हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बायको फोनवर म्हणायची, "तू तिकडे खाली जातोस ते बरोबर नाही. बातम्या बघतोस का?"

"आम्ही किनाऱ्याला धरूनच असतो गं," मी म्हणायचो.

माझं काम संपत आलं होतं. अजून दोन शुक्रवार, मग रियाध. त्यातल्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पहाटेची नमाज झाल्यावर धक्क्यावर पोहोचलो. समुद्र तेलासारखा पडला होता. सुरकुतीसुद्धा नाही. आकाश आणि पाणी एकाच मातकट रंगाचे, मध्ये रेघ शोधून सापडत नव्हती. चौकीतल्या तरुण शिपायाने चिठ्ठी देताना अम्मीला काहीतरी सांगितलं. अम्मीने हात झटकला.

"काय म्हणाला?" मी भाईंना विचारलं.

"लांब जाव नका म्हनला. नेहमीचाच हाय ता."

आमच्या ठरलेल्या जागी दोन तास बसलो. एक ओढ नाही. माकूल लावून बघितलं, बांगड्याचे तुकडे लावून बघितले. आमिष जसंच्या तसं वर यायचं, फक्त गरम होऊन. पाण्यावरून बोटाएवढ्या मेलेल्या माशांचा एक लांब पट्टा हळूहळू वाहत गेला. त्यांची पोटं वर होती. भाई म्हणाले की पाणी तापल्यावर असं होतं. म्हणाले खरे, पण तो पट्टा पूर्ण पलीकडे जाईपर्यंत बघत राहिले.

अम्मीने दक्षिणेकडे हनुवटी दाखवली. तिकडे एक उथळा आहे, त्याचा बाप तिथे हामूर धरायचा, थोडंसंच पुढे.

"चिठ्ठीत नाय ता," भाई म्हणाले.

अम्मी माझ्याकडे बघू लागला. आणि मी म्हणालो, "चला की भाई. माझा पुढचा एकच शुक्रवार राहिलाय."

हे मी म्हणालो. नंतर खूपदा स्वतःला समजावून बघितलं की अम्मी तसाही गेलाच असता. तसं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

अर्धा तास इंजिन चालवल्यावर, जाळ्यावर खूण म्हणून बांधतात तसला एक बोया दिसला. पाण्यावर काळसर, गोल, मोठ्या पिंपाच्या बुडाएवढा. वर एक पांढरा पक्षी बसला होता. बाजूंनी शेवाळाच्या झिपऱ्या लोंबत होत्या. कुणाच्यातरी हरवलेल्या जाळ्याचा असेल, असं अम्मी म्हणाला आणि त्याचा चेहरा खुलला. तरंगत्या वस्तूच्या सावलीला मासा जमतो, हे कुठल्याही कोळ्याला ठाऊक असतं. आम्ही पन्नास-साठ फुटांवर इंजिन बंद केलं आणि गळ सोडले.

तशी मासेमारी मी पुन्हा कधी पाहिली नाही. शिसं तळाला टेकतंय न टेकतंय तोच ओढ. भाईंना दोन, मला एक, पुन्हा भाईंना. मला लागलेला दुसरा तर आठ-नऊ किलोचा होता. त्याला वर घेताना मी पाय कडेला रोवले. भाई तो उचलून हसत उभे राहिले आणि मी फोटो काढला. बोयावरचा पक्षी कधी उडून गेला ते आमच्या लक्षात आलं नाही.

पण होडी वाहत होती. वारा नव्हता, तरी खालून पाणी आम्हाला हळूहळू लांब नेत होतं आणि नांगर तळाला धरत नव्हता. दर दहा मिनिटांनी इंजिन चालू करून परत यावं लागायचं आणि तेवढ्यात मासा बिथरायचा. बोया मात्र जागचा हलत नव्हता. भाईच म्हणाले, "त्याचाच दोर धरून बांधू या होडी." अम्मीला ते पटलं. त्याने इंजिन थोडं चालवून होडीचं तोंड तिकडे वळवलं आणि बंद केलं. होडी आपल्या वेगाने सरकत निघाली. भाई हातात दोर घेऊन पुढच्या टोकाला गुडघ्यांवर बसले. माझा रॉड कडेच्या खाचेत उभा होता, दोरी पाण्यात. ती वर घ्यायचं मला सुचलं नाही.

ऊन समोरून येत होतं. मी डोळ्यांवर हात धरून बघत होतो. वीस फूट. दहा फूट. भाईंनी दोराचं वेटोळं वर उचललं आणि ते तसेच थांबले. उचललेला हात खाली आला नाही.

"भाई?" मी म्हणालो.

"मागं." त्यांचा आवाज इतका लहान होता की मला आधी कळलं नाही. "मागं घ्या. अल्ला. मागं घ्या होडी."

मग मलाही दिसलं. शेवाळामधून जाड, बोटभर लांब खुंट्या बाहेर आलेल्या होत्या. एक, दोन, तीन, सारख्या अंतरावर. कुणीतरी मोजून मापून बसवलेल्या. जाळ्याच्या बोयाला असं काही नसतं. फोनवर, बातम्यांत, अशा गोळ्याचं चित्र मी पाहिलं होतं.

अम्मीला भाईंचं बोलणं कळलं नव्हतं. तो काय झालं म्हणून "एश? एश?" करत उठला आणि होडी डुचमळली. मी मागे वळून त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला खाली बसवलं. माझ्याकडे त्यासाठी अरबी शब्द नव्हता. मी फक्त म्हणालो, "बॉम्ब."

त्याचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही, कारण मी पुन्हा पुढे बघू लागलो होतो. भाईंची पाठ माझ्याकडे होती. ते पालथे पडून कडेवरून बाहेर झुकले होते आणि त्यांचे दोन्ही हात मला दिसत नव्हते. होडी थांबली. किती जवळ थांबली ते मला तेव्हा कळलं नाही. अम्मीने वल्हं पाण्यात घातलं, मी दुसरं घेतलं आणि आम्ही उलटं वल्हवायला लागलो. पाण्याचा आवाज होऊ नये इतकं हळू, आणि तरी लवकर. हात, दोन हात, चार हात.

आणि माझं रीळ वाजायला लागलं.

मासा लागल्यावर दोरी सुटते तेव्हा होतो तोच किर्र आवाज. क्षणभर, लाज वाटते सांगायला, मला वाटलं की मासा लागला. मग पाहिलं तर दोरी तळाकडे जात नव्हती. ती सरळ त्या गोळ्याखाली गेली होती. गळ शेवाळात किंवा खालच्या साखळीत कुठेतरी रुतला होता. आम्ही मागे येत होतो, दोरी ताणली जात होती आणि गोळा हळूच आमच्याकडे कलला.

"रीळ सोड!" भाई ओरडले. "मोकळं सोड! ताण देऊ नको!"

मला ते कधी अरे-तुरे करत नसत. मी खटका उघडला, दोरी सैल पडली, गोळा पुन्हा सरळ झाला आणि डुलत राहिला. आता ती तोडायची होती. सुरी आमिषाच्या डब्यात, डबा बर्फाच्या पेटीत, त्यावर पाच हामूर. मी दोरी दातात धरली. विणलेली दोरी, दातांनी तुटेना, जिभेवर खारट चव. तेवढ्यात अम्मी माझ्या खांद्यावरून वाकला, खिशातून सिगरेटचा लायटर काढून त्याने दोरीला ज्योत लावली. दोरी वितळून अलगद तुटली. तिचं टोक पाण्यावरून वळवळत गेलं.

इंजिन चालू करायचं धाडस आम्हाला किती तरी वेळ झालं नाही. आम्ही वल्हवत राहिलो. पेटीतला मोठा हामूर अजून जिवंत होता, मध्येच शेपूट आपटायचा आणि प्रत्येक वेळी आम्ही तिघंही दचकायचो.

बरंच लांब आल्यावर अम्मीने इंजिन चालवलं, थोड्या वेळाने मंद केलं आणि तो बोलायला लागला. भाईंनी मला समजावून सांगितलं. अम्मीचं म्हणणं होतं की आपण हद्दीबाहेर गेलो होतो. कळलं तर परवाना जाईल, होडी जाईल. या वयात तो दुसरं काय करणार? आणि आपण दोघं परदेशी. हद्दीबाहेर, सीमेच्या बाजूला, असल्या वस्तूजवळ काय करत होतो, हे विचारतील आणि मग विचारतच राहतील. त्यापेक्षा काही पाहिलंच नाही.

"खलास," अम्मी म्हणाला आणि दोन्ही हात झटकले.

भाई म्हणाले, "खलास."

मी मान हलवली. इकामा, कंपनी, मुलीची शाळा, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मला वाटलं, आपण वाचलो, आता घरी जाऊ.

दहा मिनिटांनी समोरून एक होडी आली. आमच्यापेक्षा मोठी, जाळ्यांनी भरलेली, पाच-सहा माणसं. सुकाणूवर एक सौदी, बाकी बहुतेक बांगलादेशी असावेत, डोक्याला गमछे बांधलेले. जवळून जाताना त्यांनी वेग कमी केला. एकाने आमची उघडी पेटी पाहिली आणि ओरडून हिंदीत विचारलं, "भाईजान, किधर मिला?"

अम्मीने मान हलवून नाही नाही म्हटलं. ते हसले. एवढे हामूर दिसत असताना कोण विश्वास ठेवणार? आम्ही ज्या दिशेने आलो होतो तिकडेच त्यांनी होडीचं तोंड वळवलं. आम्ही जागा लपवतोय असं त्यांना वाटलं असणार. विचारणाऱ्याने जाता जाता हात हलवला.

अम्मी समोर बघत राहिला. मी मागे बघत राहिलो. त्यांची होडी लहान होत चालली होती. तोंडात शब्द तयार होते आणि मी ते बोललो नाही. हे मला लिहायलाच हवं. मी बोललो नाही.

भाई बोलले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "फिरवा, अम्मी."

अम्मीने ऐकलं नसावं, म्हणून ते उठून मागे गेले आणि सुकाणूवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. बावीस वर्षं त्या देशात काढलेला माणूस. त्यांच्या पगारावर गावी दोन घरं चालत होती. माझ्यापेक्षा त्यांचं जाण्यासारखं कितीतरी जास्त होतं. अम्मी शिवीसारखं काहीतरी पुटपुटला आणि त्याने होडी वळवली.

त्यांना गाठायला जो वेळ लागला तो फार वाईट होता. आम्ही ओरडत होतो, पण दोन इंजिनांच्या आवाजात काही पोहोचत नव्हतं. मी टॉवेल हलवत होतो. आम्ही भांडायला येतोय असं वाटून की काय, त्यांनी वेग वाढवला. लांबवर तो काळा ठिपका मला दिसायला लागला होता. अम्मीने इंजिनाला होतं तेवढं बळ दिलं आणि वळसा घालून होडी त्यांच्या समोर आडवी नेली. दोन्ही होड्या एकमेकींना घासता घासता राहिल्या. पलीकडून शिव्या सुरू झाल्या. अम्मी उभा राहिला, हाताने मागे दाखवलं आणि एकच शब्द ओरडला, "लुगम!"

सुरुंग. त्या शब्दाचा अर्थ मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळला. मघाशी हात हलवणारा माणूस मटकन जाळ्यावर बसला.

मग चौकी टाळण्यात अर्थच नव्हता. सकाळचा तोच तरुण शिपाई होता. त्याने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी आणखी कुणाला फोन केला. आमचे मोबाईल घेतले. माझ्या मोबाईलमध्ये तो फोटो होता: हसणारे भाई, हातात हामूर आणि मागे, भाईंच्या कोपराच्या वर, तो गोळा. अधिकाऱ्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघितला. मग फोटो आपल्या फोनवर घेतला, माझ्या फोनमधला पुसून टाकला.

आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाईट वागलं नाही, चहासुद्धा दिला. पण तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. किती वाजता दिसला. तिकडे का गेला होतात. जायचं कुणी सुचवलं. मी सांगितलं की मी सुचवलं. तेवढं एक खरं मी सरळ सांगितलं.

शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, "एकच होता?"

"आम्हाला एकच दिसला," मी म्हणालो.

त्याने ते लिहून घेतलं आणि खिडकीबाहेर पाण्याकडे बघितलं.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, बांग होऊन गेल्यावर खिडकीच्या काचा थरथरल्या. मेजावरच्या चहाच्या पेल्यात गोल गोल रेघा उठल्या. मग तो आवाज आला. महिनोन् महिने ऐकलेलं, डोंगरातलं म्हणून मान डोलावलेलं ते घुमणं, फक्त या वेळी जवळून. शिपाई कागद लिहीत होता, त्याने लेखणी उचलली आणि पुन्हा टेकवली. त्यांनी तो गोळा उडवला असणार.

भाईंचा कफील, म्हणजे त्यांना जामीन असलेला दुकानाचा मालक, खमीसहून गाडी घेऊन आला, सह्या केल्या, आम्हा दोघांना धक्क्यावरच फैलावर घेतलं आणि मग भाईंना मिठी मारली. अम्मीचा परवाना काही महिन्यांसाठी थांबवला. होडी वाचली. धक्क्यावर आमची बर्फाची पेटी दिवसभर उन्हात पडून होती. बर्फाचं पाणी झालं होतं, हामूरचे डोळे पांढरे पडले होते. अम्मीने पेटी तशीच समुद्रात उलटी केली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही कुठे गेलो नाही. मी रियाधला निघायच्या आदल्या दिवशी दुकानात निरोप घ्यायला गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी चहा मागवला आणि उजवा तळहात उघडून गल्ल्यावर ठेवला.

"तुमाला सांगितलं नाय मी," ते म्हणाले. "होडी थांबली नव्हती भाऊ. मी थांबवली. दोन खुट्यांच्या मधी हात ठेवला न् रेटला. दुसरं काय करनार?"

मी त्या हाताकडे बघत राहिलो. त्यावर खूण वगैरे काही नव्हती.

"ऊन होता ता," ते म्हणाले. "लोखंड तापतं ना, तसा. आनि आतून कायतरी हलत होता. पानी असंल. पन हलत होता." त्यांनी हात मिटला. "अजून झोपताना हाताला कळतं."

ते आता गरवायला जात नाहीत. अम्मी जातो. परवाना परत मिळाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याने भाईंना हामूरचा फोटो पाठवला आणि भाईंनी तो मला पाठवला. फोटोत समुद्र सपाट होता. मासा सोडून मी मागच्या पाण्यात काय काय दिसतंय ते मोठं करून बघत बसलो.

बायकोला मी लगेच सांगितलं नव्हतं. रियाधला येऊन महिना झाला असेल, मुलीने जेवताना विचारलं, "बाबा, व्हाय डोन्ट यू फिश एनी मोर?" मी म्हणालो, रियाधला समुद्र कुठे आहे. बायकोने माझ्याकडे बघितलं. मुलगी शाळेचा अभ्यास करायला आत गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. गोळा, दोरी, लायटर, चौकी. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. तिने फक्त त्या दुसऱ्या होडीबद्दल पुन्हा सांगायला लावलं.

"भाई बोलले नसते तर?" तिने विचारलं. "तू बोलला असतास?"

"बोललो असतो," मी म्हणालो.

"कधी?"

ती उठली, ताटं उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी तिथेच बसून राहिलो.